झाकण उघडण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने शिंपीण, गेली आठ वर्षे काचकाम करणारी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज ते तपासले. शंभरातून सात-सात वजा करत खाली या म्हणाल्या. मी दोनवर येऊन थांबले आणि 'आता पुढे काय?' असे त्यांनाच विचारले. हात थरथरतात, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी आणले असते तर त्याला मी दाराबाहेर काढले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचा उत्साहही नाही, म्हणून सगळे यातच बसवते.

कलम १. घर माझ्या नावावर आहे. पुढच्या तीन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावे. मुलगा वाईट नाही. दर रविवारी येतो, गळका नळ दुरुस्त करतो, माझी औषधे न सांगता आणून ठेवतो. फक्त कोणतीही खोली पाहिली की तिच्यात गाडी मावेल का, हे त्याला आधी दिसते.

कलम २. मागची खोली, जिचे दार गल्लीत उघडते, ती आतल्या विजेच्या भट्टीसकट माझ्या सुनेला द्यावी.

कायद्याप्रमाणे ती तीन वर्षांपूर्वीच माझी सून राहिली नाही. तिचे आणि मुलाचे पटले नाही, दोघांनी समजुतीने कागदांवर सह्या केल्या. माझ्यापुढे कोणी कागद आणला नव्हता, त्यामुळे माझ्याकडून ती सूनच आहे आणि अजूनही गल्लीच्या दाराने भट्टीवर कामाला येते. पण मी डोळे मिटले की कायदा तिला या दारात उभेही करणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. गेल्या महिन्यात मुलाने विचारले, 'आई, मागची खोली पाडली तर गाडी आत येईल ना?' मी म्हटले, 'गाडी भिजली तर पुसून घे.' हे कलम वाचून त्याने भांडू नये. भांडलाच तर त्याला सांगावे, आईने हे तीनदा वाचून मग सही केली.

भट्टी आली कशी, तेही लिहिते, म्हणजे कोणी ती माझ्या मालकीची समजणार नाही. चाळीस वर्षे मी लोकांचे कपडे शिवले. मग हात थरथरू लागले, सुईत दोरा जाईना. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही मी उलटी बसवली आणि त्याने एक अक्षर न बोलता तो कोट तसाच नेला. बोलला असता तर बरे वाटले असते. मी दुकान बंद केले आणि या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

एक दिवस सून ही भट्टी घेऊन आली. जुनीच, शिलाई मशीनएवढी, वर झाकण.

'हे काय डबडं आणलंस?'

'आई, इथं सुई ओवायची नाही. काचेवर काच नुसती ठेवायची. जोडायचं काम भट्टी करते.'

'मग मी काय करायचं?'

'रंग सांगायचे. मला कुठे कळतात?'

धादांत खोटे. तिला रंग माझ्यापेक्षा चांगले कळतात. पण त्या दिवशी मी भिंतीकडची खुर्ची फिरवली, ती आजवर फिरवलेलीच आहे. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. हे तोंडाने मला कधी जमले नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे हे तिचे तिने ठरवावे. आजोळ, वडील, आत्याआजी यांपैकी कोणाला विचारू नये.

कलम ४. शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला द्यावी, जिचे आता बाजारात स्वतःचे दुकान आहे. कात्रीने तिने कागद कापू नये. शिंप्याची लोखंडी पट्टी मात्र भट्टीजवळच राहू द्यावी. तिच्याच कडेने सून आणि मी काचेवर काच कापायचे चाक फिरवतो, मग दोन अंगठ्यांनी काच अलगद मोडतो. पहिल्या महिन्यात काच जिथे नको तिथेच मोडायची आणि आम्ही दोघी एकमेकींना बोल लावायचो.

कलम ५. थोरल्या नणंदेस. तिने आमचे पहिले पेंडंट चारचौघांत हातात धरून 'फुटक्या बाटलीचा तुकडा आहे का गं?' असे विचारले होते. काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या मातीच्या फळीला पांढरा लेप लावायचा असतो, तो मी विसरले होते, म्हणून त्याच्या पाठीला फळीचा चुरा कायमचा चिकटला आहे. ते पेंडंट तिलाच द्यावे. नंतर तिने शेजारणीच्या नावाने आमच्याकडून तीन मागवली, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दलही आभार.

काचवाल्याला माझा नमस्कार सांगावा आणि निळ्या काचेचा सगळा डबा द्यावा. खिडक्यांच्या काचांचे उरलेले तुकडे त्याने आम्हाला पिशव्या भरभरून दिले. ते मी रंगीत काचेबरोबर भट्टीत घातले आणि सुंदर पेंडंट निघाली म्हणून हुरळून गेले. चार दिवसांनी बंद डब्यात ती आपोआप तडकली. दोन जातीच्या काचा सारख्या आकसत नाहीत, हे तेव्हा कळले. काचवाला म्हणाला, 'मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.' मी विचारले नव्हते, ही माझी जुनी खोड आहे.

कलम ६. हे कलम सुनेसाठी आहे. वकिलाने ते मोठ्याने वाचावे.

सहा वर्षांपूर्वी तुला पहिले मोठे काम मिळाले होते. एका दुकानाच्या उद्घाटनासाठी चोवीस पेंडंट. तू तीन आठवडे खपलीस. ती भट्टीत ठेवून तू नातीच्या शाळेत गेलीस आणि जाताना म्हणालीस, 'आई, उद्या सकाळपर्यंत झाकणाला हात नाही.' आठशे अंशांवर वितळलेली काच सावकाश निवली नाही तर तडकते, हे मला तोंडपाठ होते. पण शिवलेले उलटून पाहिल्याशिवाय मला चाळीस वर्षांत चैन पडलेली नाही. म्हटले, बोटभर फट करू, एक नजर टाकू. भट्टीवर आकडा होता तीनशे दहा. मी झाकण उचलले. आतून टण् असा एक आवाज आला, मग दुसरा, मग मी मोजायचे सोडून दिले.

तू आल्यावर मी म्हटले, 'वीज गेली होती गं.' तू रडली नाहीस. तुकडे वेचलेस, दुकानदाराला फोन करून माफी मागितलीस. ते काम दुसऱ्याला गेले. माझ्या जिभेला काय झाले होते कोण जाणे. वीज गेली नव्हती. मी उघडले. मला माफ कर.

येथपर्यंत लिहून झाल्यावर दोन्ही साक्षीदार, डॉक्टरीणबाई आणि वायरमन, सहीला आले. त्यांना मजकूर सांगायची गरज नव्हती, पण कलम सहा ऐकायला कसे वाटते हे पाहावे म्हणून मी ते वाचून दाखवले. भट्टीची वायर ज्यांनी ओढून दिली ते वायरमन चष्मा काढून पुसत बसले.

'मावशी, वहिनींना माहीत आहे.'

'काय माहीत आहे?'

'वीज गेली नव्हती ते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं, वायरिंगमध्ये दोष आहे का बघायला. तुम्ही दवाखान्यात गेला होता. मी सगळं तपासून सांगितलं, इथं काही बिघडलेलं नाही, गल्लीतही काल वीज गेलीच नव्हती. तर म्हणाल्या, मग असू दे, आईंना काही बोलू नका. किती मुश्किलीने त्या भिंतीकडून वळल्यात. परत भट्टीला हात लावला नाही तर मी काय करू?'

डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिले.

आता आठवते. त्यानंतर पंधरा दिवसांनी सून म्हणाली होती, 'आई, यापुढे झाकण उघडायचं काम तुमचं. मी हात लावणार नाही.' मी मनात म्हटले होते, बिचारीला काहीच कळले नाही. सहा वर्षे झाकण मीच उघडते. प्रत्येक वेळी ती मागे उभी राहून म्हणते, 'बघा आई, कशी झालीत?' जिने तिचे सगळे फोडले, तिच्याच हातात तिने झाकण दिले. मी एवढी मोठी झाले, पण मला असे वागता आले नसते.

कलम सहा खोडत नाही. फक्त ते वकिलाने वाचू नये. मी स्वतः वाचणार आहे.

कलम ७. आज सकाळी भट्टी लावली आहे. आत नऊ पेंडंट आहेत, रंग माझे, मांडणी तिची. उद्या दहापर्यंत ती निवतील. सही झाली की मी सुनेला फोन करून उद्या बोलावणार आहे. आधी कलम सहा, मग पेंडंट. झाकण तिने उघडावे आणि मी मागे उभी राहीन. हा हक्क मी तिला उद्यापासून देते. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांनी हात न धरता, सही केली. सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई. यांची बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब थोडा वाढलेला आहे.

साक्षीदार २: (सही) वायरमन. वायरिंगमध्ये दोष नाही.

ठिकाण: मागची खोली.
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी साडेचार.
भट्टीवरचा आकडा: तीनशे दहा. झाकण बंद आहे.