गुर्जींच्या फोटूखालची ओळ

७ मार्च १९७२
आज गुर्जी आले स्टुडिओत. आमच्या शाळेचे, तेच. रिटायर झाले, रविवारी थेटरात सत्कार हाय. खेळाच्या आधी पडद्यावर त्यांचा फोटू पायजे, खाली ‘आदर्श गुरुजी’. स्टुडिओवाल्या नानांनी फोटू काढला. मी मान खाली घालून थेटरात दाखवायच्या दुसऱ्या एका जाहिरातीच्या काचेवर अक्षरं खरडत हुते.
“सुरेख अक्षर आहे हो. कुठल्या शाळेची मुलगी?”
नाना म्हनले, तुमच्याच की.
“असेल. किती पोरी येतात न् जातात.”
तीन दिवस पाटी हुती माझ्या गळ्यात. वर लिवलेलं, ‘मी चोर’. त्यांनीच अडकवलेली. आन म्हने असेल.

८ मार्च
जेवन गेलं न्हाई.
वर्गातनं चोरीला गेलेलं ते घड्याळ त्यांच्या भाच्यानं घेतलं हुतं. मी पाह्यलं. त्यांनीबी. खिडकीच्या फटीतून वर्गावर डोळा ठेवायचे, त्यादिशीबी चष्मा दिसला मला फटीत. पन माझं तोंडच उघडंना. सातवीतच शाळा सुटली. नळावर अजून ‘घड्याळवाली’ म्हनत्यात. आईबी तवा म्हनली हुती, घेतलं असंल तर देऊन टाक बाई. ते लई लागलं.

१० मार्च
काचेवर फोटू उतरला. लई हसरा आलाय. खाली काळी पट्टी, तिच्यात सुईनं मी अक्षरं खरडायची. खरडलं तिथून उजेड जातो, पडद्यावर हातभर दिसतं.
आधी ‘चोर’च लिवनार हुते. पन लोक हसतील आन घरी जातील. शिवी कुनीबी देतं.
नाना म्हनले, “मंदे, नीट कर गं. सगळं गाव येनार.”
येऊंद्या.

१२ मार्च, रवि.
दोन काचा केल्या. ‘आदर्श गुरुजी’वाली माझ्या पिशवीत हाय. दुसरी थेटरवाल्याला दिली. तो पाकीट उघडाय लागला. म्हनलं, बोटं लागतील, पुसंल. ठिवली त्यानं तशीच.
फोटूखाली लिवलंय: घड्याळ कोणी घेतलं ते गुरुजींनी फटीतून पाहिलं होतं.
नाना काचेवर नाव घालू देत न्हाईत. हिच्यावर कोपऱ्यात माझं घातलं, आडनावासकट. उद्या कोनी नानांना धरायला नको.
 काच परत आनायची न्हाई.
खेळ सहाचा. आई लुगडं बदलून दारात उभी. “चल की, मागं बसावं लागंल.”
तिला वाचता येत न्हाई. पडद्यावर आलं की मलाच वाचून दाखवावं लागंल. मोठ्यानं.