एकटीची निष्ठा

ता. ३ मार्च

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुंडूला झटका आला, तो माणसं ओळखेनासा झाला, तरी तू त्याला एक दिवस एकटं सोडलं नाहीस. मी सगळ्यांना सांगते, निष्ठा शिकावी तर माझ्या भावजयीकडून. आणि आता आपला धाकटा भाऊ म्हणतो, तू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परत शिकवायला जाणार! मग माझ्या भावाकडे कोण बघणार? इतकं निष्ठेनं केलंस, आता त्याची माती करू नकोस. माझे गुडघे धड असते तर मीच आले असते.

आशीर्वाद आहेतच, ते कधी आटायचे नाहीत.

तुझी नणंद

ता. ७ मार्च

ती. वन्संना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बातमी खरी आहे. स्कूलच्या मालकांनी आजवर माझी जागा राखली. सोमवारी गेले नाही तर ती कायमची गेली.

निष्ठा हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. ह्यांना भरवलं, निष्ठा. दाढी केली, निष्ठा. न्हाणीघरात नळ सोडून रडले, तीही निष्ठाच! भाऊजी महिन्यातून एकदा डोकावले, तर केवढं कौतुक! तुम्ही मला हरभऱ्याच्या झाडावर चढवता आणि खाली निवांत चहा पीत बसता.

ह्यांच्यावर माझा जीव आहे. तसाच त्या कामावरही आहे. घाबरलेल्या माणसाचा पाय क्लचवर स्थिरावला की मला फार बरं वाटतं. ते मी सोडणार नाही. आणि निष्ठा एकट्या बायकोनंच ठेवायची, हे कुठल्या शब्दकोशात लिहिलंय? तुम्ही तर सख्ख्या बहीण. नाही आलात तर शेजारचे आजोबा बसतील, ते एका शब्दात हो म्हणाले.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता तो घेऊन प्रत्यक्ष यावे.

आपली वहिनी

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र गुंडूच्या घरून लिहितेय. काल सकाळी वहिनी कामावर गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला आधी रागच आला. गुंडूनं मला ओळखलं नाही, दाढी करताना त्याचा गाल कापला, आणि दुपारपर्यंत माझ्या अंगात त्राण उरलं नाही. संध्याकाळी ती हसत घरात आली. असं हसताना तिला मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

आपण तिला निष्ठावान म्हणत राहिलो. तिला मदत हवी आहे असं म्हटलं असतं, तर आपल्याला यावं लागलं असतं.

गुरुवार तुझा. येताना कौतुक आणू नकोस, नवा वस्तरा आण.

तुझी ताई