तांदळाचं ताट

गुरुवार, रात्र

आज अमितच्या लग्नाची बोलणी झाली. होणाऱ्या सुनेचं नाव गौरी. पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच नणंदबाई म्हणाल्या, "एका घरात दोन गौरी नकोत. माझं नाव हाय की ते. तांदळात दुसरं लिहा."

तेच वाक्य, माझ्या लग्नातलं. मीही माहेरची गौरीच. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुलभा' लिहिलं आणि मी मान खाली घालून हसले. का हसले मी? तेव्हा शुक्रवार पेठेतल्या सासरच्या घरी दारात गौरी नावाची गाय होती. भाद्रपदात घरात गौरी बसायच्या. त्यांचं नाव बदला असं कुणी म्हटलं नाही. नणंदबाई तर वर्षाच्या आत लग्न होऊन अक्कलकोटला गेल्या. घरात एकही गौरी उरली नाही, तरी मी सुलभाच.

आज मी म्हटलं, "वन्सं, तांदूळ भाताला लागतात. पोरीचं नाव तेच राहील." त्यांचा चेहरा पडला. लई बरं वाटलं. पण ते ताट काही डोळ्यांसमोरून हलेना. एवढ्यावर भागणार नव्हतं.

आत्ता त्यांचा पोचल्याचा फोन आला. "वहिनी, गौरी बोलतीय."

मी विचारलं, "कोणती गौरी?"

मग हळूच म्हणाल्या, "तुमची नणंद."

"हां, असं सांगा की," म्हटलं.