एक्केचाळीस नंबरचा नमुना

३ मार्च, सोमवार
बंगळूरला आलो आणि चक्क आवडलं! हेब्बाळला, प्रयोगशाळेच्या मागेच खोली मिळाली. काम कोंबड्यांचं. आनेकलकडच्या पोल्ट्र्यांमधून घशाचे स्वॅब येतात. कोरोनात माणसांची व्हायची तीच चाचणी करून विषाणू कोणता, किती जहाल, ते सांगायचं. सध्या राणीखेत रोगाचा जोर आहे. गावाकडे आपण मानमोडी म्हणतो, कोंबडीची मान पिळवटून वळते. बायको, वल्लरी, फोनवर चिडवते, एवढं शिकून शेवटी कोंबड्यांचे घसेच बघतोस. सोळा तारखेला ती आमच्या छोट्या यशश्रीला घेऊन कायमची येतेय.

५ मार्च
प्रत्येक खेपेत एका नळीत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालतात. विषाणू असेल त्या नळीची रेघ पडद्यावर वर चढते; हिची आडवी राहायला हवी. आज ती वर चढली. म्हणजे कुठेतरी भेसळ. आमचे प्रमुख नंदकिशोर सर, त्यांनी अख्खी खेप फेकायला लावली. नव्याचे नऊ दिवसही टिकले नाहीत, असं सगळ्यांसमोर म्हणाले. राग आला.

८ मार्च
पाणी बदललं, हातमोजे बदलले. रेघ चढतेच. सोबतची शिवलीला बेळगावची. आज माझ्याऐवजी तिनं नळ्या भरल्या, तर रेघ आडवी. सर, स्वल्प सुट्टी घ्या, मला म्हणाली. मान आखडलीय खरी.

११ मार्च
इरेला पेटून स्वतःच्या घशाचा स्वॅब घेतला. एक्केचाळीस नंबर टाकून कोंबड्यांच्या नमुन्यांत मिसळला. सगळ्यांत आधी त्याचीच रेघ चढली.

१२ मार्च
सरांनी विचारलं, एक्केचाळीस कुठल्या शेडमधला. असा एक पक्षी निघाला की अख्खी शेड मारून पुरतात. नंबर टाकताना चुकलो, म्हणालो. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

१४ मार्च
मान डावीकडे वळलीय. वहीही डावीकडे ठेवून लिहितोय. वल्लरीला येऊ नकोस म्हणून सांगायचं. फोन धरून तासभर बसलो. आत काही हललंच नाही. उद्या सांगू.

१५ मार्च
सांगितलं नाही. गाडी सुटली असेल—

१६ मार्च
आल्या. यशश्री गळ्यातच पडली. मानेला काय झालं, वल्लरीनं विचारलं. झोपेत आखडली—

१८ मार्च
यशश्री माझी नक्कल करते. मान वाकडी करून बसते. वल्लरीला हसू आवरत नाही.

१९ मार्च
जेवताना म्हटलं, पुरे आता, सरळ बस. म्हणाली, बाबा, होत नाही. मानेला हात लावून पाहिला. तिची—