डाळिंबांना थंडी वाजली त्याची हकिकत

सणसवाडी,
मार्च २००४

तीर्थरूप इनुस मामूंना अनिसचा अदबीनं सलाम, आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या नूरबी मामींना त्याहून जास्त वाकून सलाम. मामू, गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेलं एरंडाचं पान बांधता, की बांधलं म्हणून नुसतं सांगता? मी इथं खुशाल आहे. खरं तर खुशाल हा शब्द तोकडा पडतो, कारण परवापासून मी एका जागी बसलेलो नाही. फोनवरच सांगणार होतो, पण तुम्ही 'बरा हायेस ना' एवढं विचारून बिलाच्या धास्तीनं फोन ठेवून देता, आणि ही गोष्ट तेवढ्यात मावणारी नाही.

तर शिरूरच्या सैफ चाचांनी जुना रीफर ट्रेलर घेतला. (चाचा तुम्हाला नवे नाहीत. त्यांच्या तहमीनाचं आणि माझं तुम्हीच जमवत आणलंय.) रीफर म्हणजे चाकावरचा फ्रिजच समजा. पुढच्या भिंतीला डिझेलवरचं मशीन असतं, ते गार हवा छताखालून मागं फेकतं, आणि तीच हवा मालामधून फिरून पुढच्या जाळीतून परत ओढून घेतं. एवढं ध्यानात असू द्या. मी याच मशीनचा मेकॅनिक, म्हणून चाचांनी निरोप धाडला की पहिल्या खेपेला अनिसनं बरोबर यायचं, त्याचा हात बघतो आणि मगच साखरपुड्याची तारीख धरतो. म्हणजे बघा, मुलगी बघायला गेलेल्या माझीच दाखवणी ठरली, आणि तीही ट्रेलरच्या साक्षीनं!

पहिला माल राहू गावच्या हौसरावांचा, थेट बंदरावर पोचवायचा. माणूस मोठा दिलाचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरंच मेंढरं होती, आता माळावर डाळिंबाची बाग आहे. गावात या गार गाडीवर कुणाचाच भरवसा नव्हता, पण हौसरावांनी घरोघरी फिरून, स्वतःची जबान देऊन सगळ्यांची डाळिंबं गोळा केली. माल भरताना मेकॅनिकनं दारात उभं राहायचं असतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. पण अनसाबाईंनी, म्हणजे हौसरावांच्या मंडळींनी, चुलीवरच्या गरम भाकरी आणि पिठलं समोर ठेवलं. मी नको म्हणालो. त्यांनी दुसरी भाकरी वाढली. चाचा तर केव्हाच खाली बसले होते. आम्ही जेवून बाहेर येईपर्यंत हौसरावांनी माल भरून, दार लावून, वर हळदकुंकू लावून नारळही फोडला होता.

यवतला हायवेला लागलो आणि अलार्म वाजला! लाल दिवा, आणि पडद्यावर एक आकडा. त्या आकड्याचा अर्थ साधा आहे, मशीन राबतंय पण आत गारवा होत नाही. मी ऐटीत बटण दाबलं, अलार्म गेला. मी चाचांकडे बघून हसलो. तो परत आला. मग मी डिझेल बघितलं, पट्टा बघितला. पुढची कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या, राहूच्या गुऱ्हाळांच्या काजळीनं आणि चिपाडाच्या भुशानं भरली होती, ती ढाब्यावरच्या पाइपानं धुऊन काढली. (ढाबेवाल्यानं आम्हाला शिव्या दिल्या. मामी, त्या मी लिहीत नाही.) अलार्म तसाच. आतल्या कॉइलवर बर्फ धरला असेल म्हणून तो वितळवून बघितला. तरी अलार्म आपला तसाच. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गावाची डाळिंबं हळूहळू तापत होती, आणि चाचा घड्याळाकडे न बघता फक्त माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात माझं लग्न मला बंदराच्या दिशेनं पुढं निघून गेलेलं दिसलं.

राहिलं फक्त दार. दार उघडलं की उरलासुरला गारवा जातो, म्हणून ते शेवटी. चाचा पुढं पडद्यापाशी थांबले आणि मी मागून खोक्यांवर चढून, छताखालून पोटावर सरपटत पार पुढच्या भिंतीपर्यंत गेलो. अंधारात हात घातला तर हाताला केस लागले! मामू, खोटं नाही सांगत, मला वाटलं हौसरावांनी मेंढरू भरलंय. ओढून बघतो तर घोंगडी. खोक्यांवर दोन घोंगड्या पांघरलेल्या, आणि तिसरी बरोबर जाळीवर नीट खोचून पडद्यासारखी सोडलेली. मशीन बिचारं श्वास तरी कुठून घेणार?

तिन्ही ओढत बाहेर आलो तर दारात हौसराव उभे. (बंदर बघायचं म्हणून ते केबिनीत बसून आले होते.) त्यांचा चेहरा पडला.

"म्याच घातली," ते हळूच म्हणाले. "मशीन गार वारं सोडतंय, आन् लेकरं आत काकडत्याली. आमच्यात कोकरू असंच झाकत्यात, बाबा."

मला हसू येणार होतं, पण ते पुढं म्हणाले, "सैफभाईला सांगू नगंस. गावानं माझ्या तोंडाकडं बघून माल दिलाय. हसतील मला, पुन्हा कोण गाडीत माल घालायचं न्हाई."

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? तेवढ्यात चाचा येताना दिसले, मी घोंगड्या घाईघाईनं चाकामागं सारल्या. म्हणाले, पडद्यावरचा आकडा गेला, गारवा धरतोय, काय होतं? मी म्हणालो, सेन्सरची वायर ढिली होती, निघायच्या आधी बघायची राहिली, माझीच चूक. चाचांनी दार स्वतः लावलं आणि कडी दोनदा ओढून बघितली. तो कडीचा आवाज मला अलार्मपेक्षा मोठ्यानं ऐकू आला.

चाचा पुढं गेले, पण घोंगड्या आता लपवायच्या कुठं? हौसरावांनी तिन्ही अंगाभोवती लपेटल्या आणि मार्चच्या भर उन्हात केबिनीत जाऊन बसले. चाचांनी विचारलं तर म्हणाले, थंडी वाजून आलीय. चाचा मायाळू माणूस, हडपसरला गाडी थांबवून तापाची गोळी घेऊन आले आणि समोर उभं राहून खायला लावली. हौसरावांनी ती मुकाट गिळली. घामानं नुसते निथळत होते बिचारे, आणि चाचा मला सांगत होते, बघ, गोळी लागू पडली, ताप उतरतोय.

बंदरावर तपासणीत माल पास झाला, मामू! एक खोकं परत आलं नाही. राहूला हौसरावांची मिरवणूक काढायचीच काय ती बाकी राहिलीय. मला इतका आनंद झालाय की वर्कशॉपात मी दुसऱ्यांच्या गाड्यांचे अलार्मसुद्धा हसत हसत बंद करतोय. सगळ्यांना दुवा सांगा. गुडघा सांभाळा.

तुमचा,
अनिस

ता. क. : आनंद वर लिहिला तेवढा नाही. चाचांनी निरोप धाडलाय की पोरगा गुणाचा आहे पण हात ढिला आहे, तारखेचं नंतर बघू. मला रात्री झोप लागत नाही, मामू. तहमीनाशिवाय मला दुसरं कुणी नको. (मामी, हे वाक्य हळू वाचा.) तेव्हा गुडघा दुखत असला तरी शिरूरला जा आणि चाचांना खरं काय ते सांगा. फक्त हौसरावांचं नाव घेऊ नका. ते न घेता घोंगडीची गोष्ट कशी सांगायची हे मला सुचलेलं नाही, पण तुम्ही वडीलधारे आहात.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार इतक्यात वर्कशॉपात फोन आला. शिरूरच्या ट्रेलरच्या जाळीची तक्रार आहे, मेकॅनिकलाच बोलवा. मी धावत गेलो. तहमीना होती! गाडी धुताना तिला जाळीत काळी लोकर अडकलेली सापडली. ती म्हणाली, "दुसऱ्याचा आळ आपल्या अंगावर घ्यायचा असंल, तर आधी जाळी झाडून घेत जावा."  नुसतं व्हय म्हणालो. मग म्हणाली, लोकर तिनं अब्बांच्या हातावर ठेवली. ते बराच वेळ हसले, ही गोष्ट राहूला कुणाला कळता कामा नये म्हणाले, आणि मग हळहळत बसले. धडधाकट माणसाला आपण तापाची गोळी चारली, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

तेव्हा मामू, शिरूरला जाच, पण खरं सांगायला नको. तारीख घेऊन या.