व्हरमाँटच्या कागदावरची फुली

मी केटुरा पेक, वय एकसष्ट, कै. असाहेल पेक यांची विधवा, राहणार हार्मनी क्रीक, ओहायो. छातीत पाणी झालं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते.

नांगर, बैलजोडी आणि ओढ्याकडचं चाळीस एकर शेत मुलगा ओरिन याला. तो इथेच राबला.

हातमाग सून हॅना हिला. डावी पायपट्टी अडकते. तिला शिव्या देऊ नयेत, तेल द्यावं.

दीर एलाय यांना त्यांचं जुनं पत्र परत द्यावं. "वहिनी, इथली माती लोण्यासारखी कापली जाते, दगड शोधून सापडत नाही," असं त्यांनी आमच्या आधी इथे येऊन कळवलं होतं. हिवतापाबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी दोन मुलं त्या तापाने गेली.

राहतं घर आणि मागची तीस एकर मुलगी झिल्फा हिला. व्हरमाँट सोडून आम्ही इथे यायला निघालो तेव्हा ती सात वर्षांची होती. कंबरेच्या दुखण्यामुळे तिला गाडीचे हादरे सोसले नसते, म्हणून तिथेच नणंदेकडे ठेवलं. "पुढच्या वसंतात नेते," मी म्हणाले. एकवीस वर्षं झाली.

झिल्फा, तू पत्रात विचारलंस, "आई, बाबांनी तुला ओढत नेलं ना?" मी उत्तर टाळलं. त्यांनीही तो आळ मरेपर्यंत अंगावर घेतला.

ती व्हरमाँटची जमीन माझ्या वडिलांनी मला दिलेली. माझ्या होकाराशिवाय विकता येत नव्हती. कायद्याप्रमाणे न्यायाधीशांनी तुझ्या बाबांना बाहेर काढलं, दार लावलं. "बाई, नवऱ्याचा धाक नाही ना? मनात नसेल तर आत्ता बोला, कागद इथेच फाडतो."

बाहेरून हे ओरडले, "काय गं, एवढा वेळ? गाय विकतेस की काय?"

तुला नेता येणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. पण आदल्या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिने हिम पडलं होतं, मका काळा झाला होता. दर वसंतात दगड वेचून माझी बोटं सोलली होती. मला ती काळी माती हवी होती. "माझ्या मनाने विकते," मी म्हणाले आणि सहीच्या जागी फुली मारली.

हे घर तू विक, जाळ, ओरिनने हरकत घेऊ नये.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. याची नक्कल मात्र झिल्फाला उद्याच्याच टपालाने पाठवावी. उत्तराला सहा आठवडे लागतात. डॉक्टर म्हणतात, तेवढे दिवस नाहीत. मी प्रयत्न करीन. पत्र आलं तर आतल्या शिव्या गाळून कोणी मला वाचून दाखवू नये. माझ्या हातात द्यावं. तिच्याच पत्रांवर मी वाचायला शिकले.

साक्षीदार: जोथम स्प्रेग, शेजारी
लोइस टटल, सुईण

सही: केटुरा पेक
हार्मनी क्रीक, ९ ऑक्टोबर १८३८