वरचं वजन

नाहूर

सुगंधा वहिनी,

हे पत्र तुमच्या हातात द्यायची हिंमत माझ्यात नाही, तरी लिहितोय.

तुमच्या फरशीला तडा गेला तो दादाच्या व्यायामाच्या वजनांमुळे नाही. माझ्यामुळे गेला. गणपतीला मोठं मखर बसावं म्हणून मी खाली हॉल आणि किचनमधली भिंत पाडली. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, वरचा सगळा भार हिच्यावर आहे, हात लावू नका." मी हसलो. म्हटलं, "वर आमची वहिनी एकटी राहते, तिचं असं कितीसं वजन!"

आरतीला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाऊजी, घर कसं ऐसपैस झालं!" माझी छाती फुगली.

मग तडा दिसला. दादा गेल्यापासून आठ वर्षं पलंगाखाली जपलेले त्याचे डंबेल्स तुम्ही भंगारवाल्याला देऊन टाकलेत, आणि मलाच येऊन विचारलंत, "माझ्यामुळे तुमच्या छताला काही झालं नाही ना?" मी म्हणालो, "नाही वहिनी, आता काळजी नको."

आज सकाळी इंजिनियरने आमच्या छताला लोखंडी टेकू लावले. वरची खोली आजच्या आज रिकामी करा म्हणाला. तुम्हाला मी पेस्ट कंट्रोलचं सांगितलं आणि वाकोल्याला लेकीकडे पाठवलं.

रिक्षात बसताना तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "तुमच्या दादानंतर तुम्हीच हो माझी एवढी काळजी घेता."

तुमचा दीर म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
सुबोध